सिक लाइनीतली झाडं

आमचे थोरले साडूभाऊ एका जागी स्वस्थ बसलेले मी पाहिले, असं कुणी मला सांगितलं तर तो माणूस थापा मारतोय, नाहीतर त्याने दुसऱ्याच कुणाला तरी पाहिलंय, असं मी खुशाल समजतो. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण लग्न करून रायपुरात आले त्याला चाळीस वर्षं झाली, आणि या चाळीस वर्षांत रायपूर जेवढं पसरलं त्याच्या दुप्पट साडूभाऊ चालले असतील. ते पेपर चालत वाचतात. पहिलं पान स्वयंपाकघरात, अग्रलेख अंगणात आणि निधनवार्ता गच्चीवर. जेवताना दोन घास ताटाशी आणि तिसरा खिडकीशी. कटिंगला गेले की खुर्ची सोडून दोनदा तरी रस्त्यावर डोकावून येतात. एका गालाला साबण लावलेला हा गृहस्थ चौकात ट्रॅफिक कशाने अडलंय याची चौकशी करताना मी स्वतः पाहिला आहे. घरात सोफा आहे, पण यजमानाने बसायचा कोपरा अजून दुकानातून आणल्यासारखा कोरा. ‘बसा ना भाऊजी’ म्हटलं की म्हणतात, “बसायले काय, मेल्यावर आडवंच पडाचं हाय.” मी मात्र जन्माचा बसणारा माणूस. नवा रायपुरातल्या कचेरीत बसायचाच मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर मी तेच काम विनामोबदला चालू ठेवतो. त्यामुळे आमचं दोघांचं जमायला काहीच कारण नव्हतं.

तरी जमलं, आणि ते पहिल्याच भेटीत. सव्वीस वर्षांपूर्वी मला पाहायला पाहुणे आले होते. सासरे, मामेसासरे सगळे ओळीने पोहे खात बसलेले, आणि थोरले जावई म्हणून आलेले साडूभाऊ बेपत्ता. माझी आई घाबरली, की पाहुणा रुसून गेला की काय. हे आमच्या गच्चीवर. पाण्याची टाकी पाहिली, मागची बोळ पाहिली, शेजाऱ्याच्या म्हशीची चौकशी केली, आणि खाली येऊन उभ्या उभ्या निकाल दिला, “टाकीले झाकण नाही. पोट्टा चांगला हाय.” त्या एका वाक्यावर माझं लग्न ठरलं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनी टाकीला झाकण आणलं. विहारात वंदनेला सगळे मांडी घालून डोळे मिटतात, तेव्हा साडूभाऊ दाराशी लोकांच्या चपला जोडीजोडीने लावत असतात. वंदना त्यांना तोंडपाठ आहे, आवाजही चांगला आहे, फक्त तो चपलांकडून येतो. एकदा भंतेजींनी हसून विचारलं, की उपासक, ध्यानाला कधी बसणार? साडूभाऊ म्हणाले, “मन शांतच हाय भंतेजी, पायाचंच काही समजत नाही.”

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत असावं असं मला वाटतं. साडूभाऊंचा जन्म रेल्वेच्या मालडबे दुरुस्त करायच्या कारखान्यात गेला. मालगाडीच्या डब्यात काही बिघाड निघाला की रेल्वेवाले त्याला ‘बिघडला’ म्हणत नाहीत, ‘सिक’ म्हणतात, म्हणजे माणसासारखा आजारी. मग त्याला गाडीतून तोडून एका वेगळ्या रुळावर नेऊन उभा करतात. त्या रुळाचं नाव सिक लाइन. डब्याच्या अंगावर खडूने खूण, तारीख, आणि दुरुस्ती झाली की पुन्हा खडूने ‘फिट’. पस्तीस वर्षं माणूस रोज हेच पाहत आला की जो हलतो तो धडधाकट आणि जो उभा तो आजारी, तर त्याच्या डोक्यात दुसरं काय राहणार? निवृत्त झाल्यावर हाताखाली डबे उरले नाहीत. घरी ताई, म्हणजे माझ्या बायकोची ती मोठी बहीण, होती, पण ती त्यांच्याहून जास्त कामात. मग साडूभाऊंची नजर अंगणातल्या झाडांवर गेली आणि त्यांना पहिल्यांदा जाणवलं, की ही सगळी मंडळी गेली कित्येक वर्षं एकाच जागी उभी आहेत.

निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी एका रविवारी मी गेलो तर अंगणातल्या साऱ्या कुंड्यांवर खडूने लिहिलेलं. जास्वंद सिक. मोगरा सिक. कडीपत्ता सिक, पुढे तारीख. मी हसलो, तर साडूभाऊ गंभीर. “हसू नका जी. येवढी मोठी जात, माणसाच्या आधीपासून हाय, अन अजून एक पाऊल नाही टाकलं. झाडाले पाय काहून नाही आले? डोकं काहून नाही आलं? कोणी इचार केला का?” मी म्हणालो, मी तर केला नाही, आणि वेताच्या खुर्चीत बसून ताईने दिलेला चहा पिऊ लागलो. पुढचा तासभर ते माझ्याभोवती फेऱ्या मारत हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होते. उठताना पाहिलं तर खुर्चीच्या पाठीवर खडूने सिक, पुढे माझी तारीख. तो खडू माझ्या शर्टाला लागला, आणि मी तसाच बाजारातून भाजी घेऊन घरी गेलो. बायकोने शर्ट धुताना खडूचा डाग पाहिला आणि म्हणाली, भाऊजींनी बरोब्बर ओळखलं तुम्हाला.

प्रश्न मात्र त्यांना खरोखर छळू लागला. गाईला पाय आहेत, मुंगीला आहेत, उवेलाही आहेत. मग एवढ्या थोरल्या वडाने काय पाप केलं? ते कुणालाही गाठून विचारायचे. तेराव्याच्या जेवणात विचारलं, बँकेच्या रांगेत विचारलं. पुण्याला असलेल्या लेकीला फोनवर विचारलं, तर ती हिंदीत म्हणाली, “पापा, मैं मीटिंग में हूँ.” हे म्हणाले, मीटिंगमध्ये विचार म्हणजे झालं. अभनपूरकडून भाजी घेऊन येणारी एक म्हातारी त्यांच्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, कोपऱ्यावर कडुलिंबाखाली टोपली मांडून बसते. तिलाही त्यांनी सोडलं नाही. तिने लाल भाजीची जुडी बांधता बांधता छत्तीसगढीत उत्तर दिलं, “रुख रेंगही त छइहाँ घलो रेंग दिही, बबा. तब मैं कहाँ बइठहूँ?” झाड चालायला लागलं तर सावलीही चालू लागेल, मग मी बसू कुठे? मला ते उत्तर इतकं पटलं, की मी तिच्याकडून लागत नसताना दोन जुड्या घेतल्या. साडूभाऊ मात्र रस्ताभर पुटपुटत राहिले, की ही बसणाऱ्यांच्या फायद्याची गोष्ट झाली, झाडाच्या फायद्याची कुठे झाली?

शेवटी त्यांनी समोरच्या गल्लीतल्या बाईंना गाठलं. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, नागपूरच्या, शांत स्वभावाच्या. त्या पायरीवर बसून सांगत होत्या आणि साडूभाऊ त्यांच्यापुढे घड्याळाच्या लंबकासारखे हलत ऐकत होते. बाई म्हणाल्या, “भाऊ, गाय दिवसभर हिंडते ती पोटासाठी. झाडाचं जेवण उन्हातून येतं, आणि ऊन आपण होऊन दाराशी येतं. ज्याला घरपोच डबा मिळतो तो कशाला बाजारात जाईल? आणि हा डबाही पोटापुरताच असतो. दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी चार पावलं पडतील एवढीसुद्धा ताकद नाही उरायची. मुळं उपटली की पाणी तुटलं, ते वेगळंच.” साडूभाऊ म्हणाले, “बरं, पाय नाही तर नाही. डोकं तरी?” बाई हसल्या. “डोकं कुठं ठेवलं असतं? शेंड्याला? बकरी आधी शेंडाच खाते. ज्याला पळता येत नाही त्याने सगळं शहाणपण एका जागी ठेवून चालत नाही, भाऊ. थोडं मुळात, थोडं पानात, थोडं कोंब फुटतो त्या प्रत्येक डोळ्यात. अर्धं खाल्लं तरी उरलेलं पुन्हा सुरू होतं. आणि हलत नाही असं नाही बरं का. उजेडाकडे वळतं, मूळ पाण्याकडे जातं. तुम्हाला धीर नाही, म्हणून दिसत नाही.” एवढं चोख उत्तर मिळाल्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. साडूभाऊ घरी येऊन ताईला म्हणाले, “समजलं मले. झाडायले चान्सच नाही भेटला.”

तो चान्स द्यायचं त्यांनी मनावर घेतलं. भंगारातून जुने बेअरिंग आणले, फळ्या कापल्या आणि प्रत्येक कुंडीखाली एक चाकांची गाडी आली. मग सुरू झालं शंटिंग. सकाळी सहाला कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी, अकराला हिरव्या जाळीखाली, पाचला फाटकाशी, कारण झाडांनीही दुनिया पाहावी. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं. रेल्वेचं चुकेल, पण हे चुकायचं नाही. या गाड्यांमध्ये ताईचा अनंतही होता. माहेरच्या अंगणातल्या अनंताची फांदी आणून तिने लावली होती, त्याला अकरा वर्षं झाली होती. पानं अशी तुकतुकीत की तोंड दिसावं, पण फूल एकही नाही. दर एप्रिलमध्ये हिरव्या पिळाच्या कळ्या धरायच्या, चांगल्या बोटाच्या पेरभर व्हायच्या, आणि मग पिवळ्या पडून एकेक करत गळायच्या. ताईने ताक घातलं, माती बदलली, कुणी सांगितलं म्हणून गंजलेले खिळे पुरले. आईच्या हातचं झाड आपल्याकडे रुसलं, असं ती एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती. साडूभाऊंना तिचं दुःख कळत होतं; अगदी मनापासून ते त्या कुंडीला दिवसातून एक फेरी जास्त द्यायचे.

यंदाच्या एप्रिलमध्ये त्यांनी सगळ्यात मोठी मोहीम काढली. लिंबाचं झाड सिमेंटच्या हौदाएवढ्या कुंडीत होतं, तेवढं एकच गाडीविना राहून अजून सिक होतं. त्यासाठी खास आठ बेअरिंगची गाडी तयार झाली. शेजारच्या दोघांच्या मदतीने झाड गाडीवर चढलं, आणि साडूभाऊ त्याला उतारावरून फाटकाकडे न्यायला निघाले. हे पुढे, दोर हातात, तोंड झाडाकडे. रुळावर उभ्या डब्याच्या चाकाखाली लाकडाचा गुटका लावतात, म्हणजे डबा आपोआप सुटत नाही. ज्या माणसाने पस्तीस वर्षांत गुटका लावल्याशिवाय एक डबा सोडला नाही, आणि न लावणाऱ्यांना आईबापावरून बोलला, तो त्या दिवशी गुटका विसरला. झाडालाही गुटका लागतो हे त्यांच्या मनातच आलं नसेल. लिंबू आधी एक बोट सरकलं, मग एक वीत, आणि मग उतारावरून सुसाट निघून साडूभाऊंच्या अंगावरून भिंतीला जाऊन टेकलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा स्ट्रेचरवर पडलेले साडूभाऊ कण्हत होते, आणि मला पाहताच त्यांनी माझा हात धरला. “साडूभाऊ,” ते म्हणाले, “चाललं ना बाप्पा लिंबू!”

मांडीचं हाड खुब्याशी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. एकदाही नाही. या वयात सळई सरकली तर दुसऱ्यांदा जमेलच असं सांगता येत नाही. मग खाट ती कायमची. डॉक्टर हे साडूभाऊंना सांगत होते आणि आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत होतो. ताई बाहेर येऊन बाकावर बसली आणि रडायला लागली. ती म्हणाली, “यायले सहा मिनिटं बसता येत नाही जी. सहा हप्ते कसे निंगतीन?” मला पहिल्यांदाच साडूभाऊंच्या त्या वळवळीची भीती वाटली. इतकी वर्षं मी तिची चेष्टा करत होतो, आणि आता तीच त्यांचा पाय घेऊन जाणार होती.

आत कोंडल्यासारखं होतं म्हणून त्यांची खाट समोरच्या पडवीत लावली, कूलर लावला. पहिला आठवडा ते खाटेवर पडल्या पडल्या चालले. हाताची बोटं चालत, भुवया चालत, चांगला पाय रात्रंदिवस चादर मागेपुढे ढकलत असे. दर दहा मिनिटांनी ताईला हाक; उशी इकडे, पंखा तिकडे, खाटेचं तोंड फाटकाकडे, खाटेचं तोंड भिंतीकडे. लेक पुण्याहून आठ दिवस येऊन राहिली आणि ‘पापा, प्लीज लेटे रहो’ म्हणून म्हणून तिचा घसा बसला. मी संध्याकाळी कचेरीतून थेट तिथे जायचो. माझ्याशी भांडले की त्यांचा तासभर बरा जात असे, म्हणून मी मुद्दाम झाडांची बाजू घ्यायचो. ते तळमळत म्हणायचे, “साडूभाऊ, हे असं राहते काय रोज झाड? अन वरून पानं काढते, फळ देते? मी तर शिव्याच दिल्या असत्या.” रेल्वेगाडीचा भोंगा ऐकू आला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते मला पाहवत नसे. मी पेपर उघडून तोंडासमोर धरायचो.

कुंड्या मात्र उभ्या होत्या. शंटिंग करणारं कुणी नव्हतं. अनंत योगायोगाने खाटेसमोरच, पडवीच्या पायरीखाली राहिला होता. चौथ्या आठवड्यात समोरच्या बाई विचारपूस करायला आल्या आणि अनंताकडे पाहून थांबल्या. “अगं बाई, किती कळ्या!” ताई म्हणाली, दर वर्षीच येतात आणि गळतात. बाईंनी विचारलं, कुंडी हलवता का? साडूभाऊ अभिमानाने म्हणाले, दिवसातून चार फेऱ्या. बाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या, “भाऊ, अनंताला कळ्या धरल्या की कुंडीचं तोंडसुद्धा फिरवू नये. त्याला सोसत नाही. कळ्या टाकतो.” ताई चहा ठेवते म्हणून आत गेली. बाई गेल्यावर साडूभाऊंनी मला विचारलं, “किती वर्षं झाली म्हणाली ती? अकरा?” मी हो म्हणालो. रिटायर होऊन त्यांना दहा झाली होती, आणि शंटिंगलाही तेवढीच. त्या संध्याकाळी त्यांनी खाट एकदाही फिरवून मागितली नाही. कळ्या मोजल्या, तेरा भरल्या.

पुढची गोष्ट बुद्धपौर्णिमेची. ताई कुठे जायला तयार नव्हती, पण चाळीस वर्षांत तिने पौर्णिमेची वंदना चुकवली नव्हती. साडूभाऊ म्हणाले, “जाऊन ये वं. मी काय पळून चाललो?” तासाभराचा प्रश्न होता. मी तिला सकाळी विहारात सोडलं, तिथेच थांबलो, खीर घेतली आणि तिला घेऊन परत आलो. फाटक उघडं होतं. निघायच्या घाईत कडी माझ्याच हातून नीट लागली नव्हती. पडवीच्या पायऱ्यांवर पेपर, चष्म्याची डबी, स्टीलचा पेला, औषधाच्या बाटल्या, दोन उशा, आणि नाव घेऊ नये असं ते प्लास्टिकचं भांडंही पडलं होतं. ते रिकामं होतं हे नशीब. अनंताचा शेंडा गेला होता. पाऱ्यातली एक बकरी भिंतीच्या सावलीत उभी राहून रवंथ करत होती. आणि साडूभाऊ खाटेवर पडून लहान मुलासारखे रडत होते. ताई धावली, “टेकवला काय पाय? सांगा ना, टेकवला काय?”

“नाही टेकवला,” ते म्हणाले. मग हळूहळू सगळं सांगितलं. बकरी आत आली, ओरडून पाहिलं, हाताला आलं ते फेकलं, बकरी नेम चुकवत शेंडा खात राहिली. मग हे उठून बसले. चांगला पाय खाली सोडला. दुसराही सोडला. “दोन बोटं उरली होती जमिनीले, साडूभाऊ. दोनच. तीन पावलांवर होती ती. मले वाटलं, दहा वर्षं मी हिच्या कळ्या पाडल्या, आता बकरीनं खाव्या अन मी पडल्या पडल्या पाहावं? मग त्या झाडाकडं पाह्यलं. बकरीच्या तोंडात शेंडा, अन ते उभंच. पळू नाही शकत, ओरडू नाही शकत. मी म्हटलं, मी उठलो तर कळ्या वाचते, पण पाय गेला तर हिनं मले जन्मभर उचलाचं काय? चाळीस वर्षं माह्या मागं धावली ते काय कमी झालं?” बोलता बोलता त्यांनी ताईचा पदर धरला होता. “मग पाय वर घेतला. माह्यानं काही झालं नाही वं. पाहत राह्यलो नुसता.” मी फाटकाची कडी लावायचं निमित्त करून बाहेर गेलो. कडी माझी चूक होती, हे मला सांगायचं होतं, पण मी तीच कडी दोनदा काढून पुन्हा लावली.

बकरीने शेंड्यासकट पाच कळ्या खाल्ल्या होत्या. आठ उरल्या. त्या उमलल्या, एकीपाठोपाठ एक, पांढऱ्याशुभ्र, आणि चार दिवस ती पडवी अशी दरवळत होती की भाजीवाली म्हातारी टोपली घेऊन फाटकाशी बसायला लागली. शेंडा खाल्ला तिथून दोन बोटं खाली, दोन्ही बाजूंनी दोन नवे कोंब आले. साडूभाऊंनी मला ते बोट करून दाखवले. “बाई बरोबर बोलत होती,” ते म्हणाले. “डोकं एकच असतं तर गेलं होतं कामातून.” पहिलं फूल ताईने केसांत घातलं नाही; तिने ते त्यांच्या उशाशी पेल्यात ठेवलं.

सहा आठवडे संपले. फोटोत हाड जुळलेलं दिसलं आणि डॉक्टरांनी उभं राहायला परवानगी दिली. आता साडूभाऊ चालतात. पाय किंचित आखूड झालाय, काठी लागते, चौकापर्यंत जायचं तर मध्ये दोनदा थांबतात. मला ते थांबणं आवडत नाही, खरं सांगतो. मागून माझी पावलं येऊन पोचतात आणि मला चुकल्यासारखं होतं. पण आठवतो तो पहिला दिवस. एका बाजूला मी, एका बाजूला ताई, पुढे वॉकर. हा माणूस आता वॉकरसकट फाटकाबाहेर पळणार म्हणून मी कंबर कसून उभा. त्यांनी पाय टेकवला. वजन दिलं. आणि हललेच नाहीत. कपाळावर घाम आला होता, ओठ आवळले होते, पण नजर समोर स्थिर. अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं. ताई म्हणाली, “चला ना.” ते म्हणाले, “थांब वं. जरा उभं राहू दे.” ताईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. मग ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “हे येवढे उंच हायेत, मले मालूमच नव्हतं जी.” आणि तिने आपलं डोकं त्यांच्या खांद्याशी कुठवर येतं ते तळहात सपाट धरून मोजून पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढं मोजायला तिला कधी वेळच मिळाला नव्हता.